गूगलने व्हीआरमध्ये पुन्हा उतरावं, पण बाहेर पडण्याच्या अटी आधी लिहून द्याव्यात

ऑक्टोबर २०१९मध्ये गूगलने पिक्सेल ४ हा फोन आणला. त्याच वेळी कंपनीने सांगितलं की या फोनवर डेड्रीम, म्हणजे फोन डोळ्यांसमोरच्या डब्यात बसवून आभासी दुनिया (व्हीआर) दाखवण्याची तिची सोय, चालणार नाही आणि डेड्रीम व्ह्यू हा हेडसेटही यापुढे विकला जाणार नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये ७९ डॉलरला सुरू झालेला हा कारभार तीन वर्षांत आटोपला. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ११ आलं आणि त्यावर डेड्रीमची अधिकृत साथ संपली. ज्याने फोन अद्ययावत ठेवला, त्याच्याकडे दोन भिंगं बसवलेला एक कापडी डबा उरला. आता डिसेंबर २०२४मध्ये अँड्रॉइड एक्सआर ही हेडसेटसाठीची प्रणाली जाहीर करून आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एक्सआरमधून १,७९९ डॉलरला ते विक्रीला आणून गूगल त्याच बाजारात परत आलं आहे.

त्याने परत यावं का? यावं, असं माझं ठाम मत आहे. एवढी मोठी कंपनी अशा बाजारात उतरते तेव्हा चर्चा होते ती किंमत, पडदा आणि चिप यांची. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: उद्या कंपनीने हात वर केले तर विकत घेणाऱ्याच्या हाती काय उरेल? व्हीआरच्या गेल्या दहा वर्षांत ग्राहकाचं सर्वाधिक नुकसान वाईट यंत्रांनी केलेलं नाही. चांगली चालणारी यंत्रं कंपनीच्या एका निर्णयाने बंद पडली, त्याने केलं आहे.

आधी डेड्रीम का बंद पडलं ते नीट पाहायला हवं. कारण त्यात गूगलची धरसोड होती तशी खरी तांत्रिक अडचणही होती, आणि या दोन गोष्टींची गल्लत करून चालणार नाही.

फोनचा प्रोसेसर एरवी झटक्यात काम उरकून विसावतो. व्हीआरमध्ये त्याला विसावा नाही. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी दोन चित्रं काढायची. पडदा आणि हालचाल मोजणारे सेन्सर अखंड चालू, आणि हे सगळं बंद डब्यात, चेहऱ्याच्या उबेला लागून. फोन तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि चित्रं वेळेवर येईनाशी होतात. मान वळवल्यापासून डोळ्यासमोरचं दृश्य बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की डोळा एक सांगतो, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरंच, आणि पोटात ढवळायला लागतं. अनेक जण पहिल्या दिवसानंतर हेडसेटला हात लावत नाहीत, त्यामागचं एक कारण हेच असतं.

दुसरी अडचण हालचालीची. डेड्रीम व्ह्यूला मान कुठे वळली ते कळायचं, पण डोकं पुढे झुकलं की मागे गेलं, ते कळायचं नाही. टेबलावरची वस्तू जवळून पाहायला वाकावं, तर वस्तूसकट सगळी खोली आपल्याबरोबर पुढे सरकायची. हातातल्या रिमोटचीही दिशा हळूहळू भरकटायची आणि बटण दाबून धरून ती पुन्हा सरळ करावी लागायची. २०१८च्या लेनोवो मिराज सोलोने डोक्याची अडचण सोडवली, पण ३९९ डॉलर घेऊनही हातातला रिमोट जुनाच ठेवला. त्यामुळे चालत जाऊन वस्तूपाशी पोहोचता यायचं, ती उचलता मात्र यायची नाही. पुढच्याच वर्षी, मे २०१९मध्ये, त्याच किमतीला आलेल्या फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) ओक्युलस क्वेस्टमध्ये डोकं आणि दोन्ही हात यांची हालचाल तिन्ही मितींत ओळखली जायची. स्पर्धा तिथेच संपली.

गूगलने माघार घेताना दिलेलं कारण याहून साधं होतं आणि खरंही होतं: फोन डब्यात घालायला सांगितलं की माणूस त्या वेळेपुरता फोनलाच मुकतो. बॅटरीही त्याच फोनची. अर्धा तास समुद्राच्या तळाशी फिरून आल्यावर दिवसभराच्या कामाला फोन उरत नाही. म्हणून फोनवरचं व्हीआर थांबवण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. ते कसं थांबवलं, यावर माझा आक्षेप आहे, आणि त्याकडे मी पुढे येतो.

तांत्रिक अडचणींपैकी बऱ्याच आता सुटल्या आहेत. गॅलेक्सी एक्सआरमध्ये प्रोसेसर आणि पंखा हेडसेटच्या आतच, बॅटरी तारेने जोडलेल्या वेगळ्या डब्यात, आणि प्रत्येक डोळ्यासाठी ३५५२ गुणिले ३८४० पिक्सेलचा पडदा आहे. वजन ५४५ ग्रॅम. ॲपलचा पहिला व्हिजन प्रो ६०० ते ६५० ग्रॅमचा होता, मेटाचा क्वेस्ट ३ ५१५ ग्रॅमचा. आकडे जवळजवळचे दिसतात, पण खरा फरक वजन कुठे पडतं यात असतो. अर्धा किलो डोक्याच्या माथ्यावर वाटला गेला तर तासभर निभतो. तोच गालाच्या हाडांवर आला की वीस मिनिटांत वळ उठतात. दुकानात पाच मिनिटं घालून पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

एका बाबतीत मात्र गूगलने यावं असं मला विशेष वाटतं, आणि तिचा उल्लेख इंग्रजी चर्चेत सापडणार नाही. ती म्हणजे अक्षरं. निरोगी डोळ्याला एका अंशात सुमारे ६० पिक्सेल वेगळे ओळखू येतात. डेड्रीमच्या काळातल्या पिक्सेल एक्सएल फोनचा २५६० पिक्सेलचा पडदा दोन डोळ्यांत वाटला की एकेकाला १२८० येतात, आणि ते ९० अंशांवर पसरले की एका अंशाला जेमतेम १४. क्वेस्ट ३मध्ये ढोबळ भागाकार १९चा येतो, मध्यभागी थोडा जास्त. गॅलेक्सी एक्सआरमध्ये ३५५२ भागिले १०९ अंश, म्हणजे ३२-३३.

आता हातातल्या मोबाइलवरची मराठी ओळ घ्या. ३५ सेंटिमीटरवरून पाहिलं तर मात्रेपासून उकारापर्यंत ६ मिलिमीटरची ओळ साधारण १ अंश व्यापते. रोमन अक्षराचा बराचसा अर्थ मधल्या पट्ट्यातच असतो. देवनागरीला तीन मजले आहेत: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर आणि जोडाक्षराचे तुकडे, खाली उकार आणि ऋकार. १४ पिक्सेलांत वरच्या मजल्याला तीन-चार पिक्सेल मिळतात. तेवढ्यात ‘सर्वं’मधला रफार आणि टिंब वेगळे दिसणं शक्यच नाही. ३३ पिक्सेलांत वरच्या मजल्याला आठेक मिळतात, आणि तिथे मराठी पहिल्यांदा वाचण्याजोगी होते. इंग्रजी वाचणाऱ्याला जो पडदा २०१९मध्ये ‘चालेल’ वाटला, तो मराठी वाचणाऱ्याला तेव्हा निरुपयोगी होता. आता दार उघडलं आहे.

पण नुसत्या पिक्सेलांनी भागत नाही. व्हीआरमधली बरीच ॲप गेम-इंजिनांवर, म्हणजे खेळ बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर बनतात, आणि त्यांतल्या वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या अक्षर-घटकांना देवनागरीची जुळणी येत नाही. ‘किती’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘क्ष’ फुटून ‘क्’ आणि ‘ष’ होतो, रफार पुढच्या अक्षरावर चढतच नाही. ही जुळणी बिनचूक करणारं हार्फबझ हे मुक्त स्रोत साधन अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून आहे, आणि गूगलचे नोटो फॉन्टही आहेत. शिवाय अक्षरं तीन मितींच्या दृश्यात रंगवून मग भिंगाच्या वक्रतेसाठी पुन्हा ताणली तर ती दोनदा पुसट होतात. ओपनएक्सआर या खुल्या मानकात मजकुराचा सपाट पाट थेट शेवटच्या टप्प्यावर चढवण्याची सोय आहे, तिने अक्षराची धार टिकते. गूगलने हा मार्ग ॲप बनवणाऱ्यांसाठी सक्तीचा नाही तरी आपोआप लागू होणारा करून दिला, तर मराठी, बंगाली, तमिळ आणि अरबी वाचणाऱ्यांसाठी ते काम दुसरी कुठलीही कंपनी करणार नाही इतकं मोलाचं ठरेल.

बाजाराच्या दृष्टीनेही दुसरा मोठा खेळाडू हवा आहे. मेटाने ऑगस्ट २०२०मध्ये जाहीर केलं की नव्या हेडसेटसाठी फेसबुकचं खातं सक्तीचं असेल. जर्मनीत कंपनीने विक्री थांबवली, आणि त्यानंतर डिसेंबर २०२०मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी सुरू केली. इतर बहुतेक ठिकाणी लोकांनी मुकाट्याने खातं उघडलं, कारण त्या किमतीत दुसरा पर्याय नव्हता. ही सक्ती उठायला ऑगस्ट २०२२ उजाडला. एकाच कंपनीच्या हाती बाजार असला की असं होतं.

तोट्याचा मुद्दा खरा आहे, पण तो मला निर्णायक वाटत नाही. मेटाच्या रिॲलिटी लॅब्ज या विभागाचा कामकाजी तोटा २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ६४ अब्ज डॉलरांहून अधिक झाला, त्यापैकी १७.७ अब्ज एकट्या २०२४मध्ये. त्यात चष्म्यांचा आणि दूरच्या संशोधनाचाही खर्च आहे, आणि क्वेस्ट स्वस्तात विकून घराघरात पोहोचवण्याचा हट्टही. गूगलला हेडसेट स्वतः बनवायचा नाही. चिप क्वालकॉमची, यंत्र सॅमसंगचं आणि प्रणाली गूगलची, अशी वाटणी आहे. तो तोटा गूगलने उचललाच पाहिजे असं नाही. या वाटणीचा धोका वेगळा आहे. दुरुस्ती अडली की तिघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवू शकतो. अँड्रॉइड फोनच्या पहिल्या दहा वर्षांत अद्ययावत प्रणाली मिळायला जो उशीर व्हायचा, त्याचं मूळ याच साखळीत होतं.

यापेक्षा कितीतरी गंभीर आक्षेप गूगलच्या उत्पन्नाच्या मुळाशी आहे. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींतून येतो, आणि हेडसेट हे माणसाबद्दल सर्वाधिक सांगणारं घरगुती यंत्र आहे. २०२०मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ जणांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांहून कमी वेळाच्या हालचालींवरून ९५ टक्के वेळा माणूस ओळखता आला. २०२३मध्ये बर्कलीच्या गटाने एका तालखेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. डोकं आणि हात यांच्या १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्के वेळा नेमका खेळाडू सापडला. नाव, फोटो, आवाज यांतलं काहीही न देता.

डोळ्यांच्या नोंदी तर याहून नाजूक. त्या बंद ठेवणंही सोपं नाही, कारण नजर जिथे आहे तेवढाच भाग बारकाईने रंगवायचा आणि कडेचा ढोबळ ठेवायचा, या युक्तीचा एवढ्या मोठ्या पडद्यांना मोठा आधार असतो. म्हणून प्रश्न उरतो तो नोंद कुठपर्यंत जाते याचा. ॲपलच्या प्रणालीत बोटांची चिमूट केल्याशिवाय ॲपला नजर कुठे होती ते कळत नाही, आणि चिमूट केल्यावरही कळतं ते निवडलेलं बटण. अँड्रॉइड एक्सआरमध्ये ॲपला डोळ्यांच्या हालचालींची परवानगी मागता येते. मला हे पुरेसं वाटत नाही. फोनवर परवानगीच्या चौकटी न वाचता दाबणारे आपण सगळे हेडसेट घातल्यावर अधिक सावध होणार नाही. नजरेचा कच्चा प्रवाह वैद्यकीय आणि संशोधनाच्या ठराविक ॲपखेरीज कुणालाही मिळू नये, आणि हेडसेटमधली कुठलीही शारीरिक नोंद जाहिरातींच्या खात्याशी जोडली जाणार नाही, हे करारात लिहिलेलं असावं. भारताच्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला मनाई आहे. मान आणि हातांची हालचाल हेही वर्तनच आहे, असा अर्थ नियामकाने स्पष्ट करून ठेवायला हवा.

शाळांचा मुद्दा इथेच घ्यायला हवा, कारण मोठ्या कंपन्या नव्या यंत्राला शाळेच्या दारातून आत आणतात. गूगलचं कार्डबोर्ड २०१४चं. पुठ्ठा, दोन भिंगं आणि बटणाऐवजी एक चुंबक. १.५ कोटींहून अधिक नग जगभर गेले. त्याच्या जोडीला एक्स्पिडिशन्स होतं: शिक्षकाच्या हातात टॅब्लेट, मुलांच्या हातात फोन घातलेले डबे, आणि शिक्षक बोट ठेवील तिकडे सगळ्या वर्गाच्या माना वळायच्या. ते ॲप जून २०२१अखेर बंद झालं. त्यातल्या सहली गूगलच्या आर्ट्स अँड कल्चरमध्ये गेल्या, पण एकाच वेळी सगळ्या वर्गाला फिरवून आणण्याची सोय त्यांच्याबरोबर गेली नाही. नेमकी तीच सोय शाळांनी विकत घेतली होती.

तीस मुलांच्या वर्गासाठी आजचे स्वतंत्र हेडसेट घेणाऱ्या शाळेने हिशेब असा करावा. एका चार्जवर साधारण दोन तास, म्हणजे ओळीने तीन तासिका झाल्या की चौथी रिकामी. तीस हेडसेट एकदम काही उतरवून घ्यायला लागले की वर्गातला साधा वायफाय राउटर मान टाकतो. धडा आदल्या दिवशी भरून ठेवावा. प्रत्येक मुलानंतर चेहऱ्याला टेकणारी गादी पुसावी लागते, म्हणून ती स्पंजची नको, पुसता येणाऱ्या रबराची हवी. दोन भिंगांमधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे बदलता यायला हवं. प्रौढांमध्ये ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं, लहान मुलांत त्याहून कमी. जुळलं नाही तर चित्र दुहेरी दिसतं, डोकं दुखतं, आणि मूल ‘दिसत नाही’ एवढंच सांगतं. आणि हेडसेट खिडकीशी भिंगं वर करून ठेवू नये. भिंग दोन्ही बाजूंनी काम करतं. बाहेरचं ऊन ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि मिनिटभरात कायमचा डाग पडतो. मराठवाड्यातल्या मार्चच्या दुपारी तर त्याहूनही लवकर. नेहमीची हमी असा डाग भरून देत नाही.

हे सगळं सांभाळून शाळेने पाच वर्षांसाठी पैसे घातले आणि तिसऱ्या वर्षी कंपनीने प्रणाली बंद केली, तर? हा काल्पनिक प्रश्न नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७मध्ये विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही संगणकाला जोडायच्या हेडसेटची प्रणाली आणली. एसर, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग यांनी तिच्यासाठी हेडसेट बनवले. डिसेंबर २०२३मध्ये कंपनीने ती मोडीत काढल्याचं जाहीर केलं आणि २०२४च्या २४एच२ या विंडोज ११च्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. एचपीचा रिव्हर्ब जी२ हा आजही उत्तम पडद्याचा हेडसेट आहे. त्याची भिंगं, तार, सेन्सर सगळं ठीक आहे. संगणक अद्ययावत केला की मात्र अधिकृत मार्गाने तो चालत नाही.

याच्या उलट वागता येतं, याचे पुरावे आहेत. मेटाने ओक्युलस गो हा आपला हेडसेट बंद केल्यावर ऑक्टोबर २०२१मध्ये त्याचं कुलूप काढणारी प्रणाली सगळ्यांना फुकट दिली. कंपनीचे सर्व्हर उद्या नसले तरी त्या यंत्रावर मालकाला हवं ते चढवता येतं. खुद्द गूगलने जानेवारी २०२३मध्ये स्टेडिया ही खेळसेवा बंद करताना यंत्रांचे आणि खेळांचे पैसे परत केले, आणि कंट्रोलर ब्लूटूथवर चालावा म्हणून साधनही दिलं. टिल्ट ब्रश हे गूगलचं चित्रकलेचं व्हीआर ॲप. त्याचा विकास थांबवताना जानेवारी २०२१मध्ये कंपनीने त्याचा स्रोत खुला केला, आणि स्वयंसेवकांनी तो ओपन ब्रश या नावाने पुढे चालवला. नीट बाहेर कसं पडायचं ते गूगलला येतं. डेड्रीमच्या ग्राहकांच्या वाट्याला ते आलं नाही, हीच माझी तक्रार.

म्हणून अटी. हेडसेटच्या खोक्यावर साथ कधीपर्यंत मिळेल ती तारीख छापलेली असावी, वर्षांची संख्या नव्हे. ‘पाच वर्षं’ ही पहिल्या विक्रीपासून मोजायची की आपल्या खरेदीपासून, यावरून भांडणं होतात. पिक्सेल ८पासून गूगल आणि गॅलेक्सी एस२४पासून सॅमसंग आपल्या वरच्या श्रेणीतल्या फोनना सात वर्षं अद्ययावत प्रणाली देण्याचं वचन देतात. त्यांच्याच हेडसेटला त्याहून कमी का? साथ थांबली की कुलूप निघावं. कुलूप निघालेल्या यंत्राला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही हे खरं. असं यंत्र इंटरनेटपासून तोडून, भरलेले धडे दाखवायला वापरावं, त्यात फारसा धोका नाही. ॲप ओपनएक्सआरवर बनलेली असावीत, म्हणजे तेच ॲप थोड्या फेरफाराने दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर नेता येईल. आणि साथीची जबाबदारी तिघांपैकी कुणाची, ते एकाच नावाने लिहिलेलं असावं.

गूगल आपणहून हे सगळं करील, याची वाट पाहण्याची गरज नाही. शाळा, वैद्यकीय महाविद्यालयं, आयटीआयमधले वेल्डिंगचे वर्ग, संग्रहालयं ही गिऱ्हाइकं एकेकटी लहान असली तरी निविदा तीच काढतात आणि अटी तीच घालतात. निविदेत एक कलम घालायला काहीच खर्च येत नाही: उत्पादकाने साथ थांबवल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत यंत्राचं कुलूप काढण्याचं साधन विनामूल्य द्यावं, नाहीतर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात रक्कम परत करावी. या कलमासाठी पुरवठादाराने किंमत थोडी वाढवून मागितली तर ती द्यावी. तीस हेडसेट तिसऱ्या वर्षी कपाटात ठेवून पुन्हा तीस घेण्यापेक्षा ती वाढ नक्कीच कमी असेल.